मनीऑर्डरीची दोन टोकं

गेल्या ईदेला माझा भाचा घरी आला तो एक वही घेऊनच. तो चिपळुणात नोकरी करतो. मुंबईहून दुप्पट पगाराची नोकरी चालून आली होती आणि पंधरा दिवसांत उत्तर द्यायचं होतं. वहीच्या पानावर त्यानं मधोमध रेघ मारली होती. डाव्या बाजूला मुंबईचा पगार आणि त्यातून जाणारं खोलीभाडं, लोकलचा पास, खानावळ. उजव्या बाजूला चिपळूणचा पगार, घरचा तांदूळ, घरचे नारळ आणि कामावर जायला मोटारसायकलची दहा मिनिटं. खाली दोन बेरजा. मला म्हणाला, "मामू, पैशात मुंबई पुढे आहे. पण किती पुढे असली म्हणजे जावं, ते तुम्ही सांगा."

मी कविता लिहिणारा माणूस, हिशेबात कच्चा. पण हा हिशेब मला ओळखीचा वाटला. आमच्या घरात तो चौथ्या पिढीत चालू आहे. आणि आमचंच घर कशाला, सगळं कोकण गेली दीडशे वर्षं हीच वही लिहीत आलं आहे. पगार एका रकान्यात आणि जगणं दुसऱ्या रकान्यात. आज या वहीचीच थोडी मागची पानं चाळायची आहेत.

कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत कापडगिरणीची पहिली कंपनी काढली ती १८५४ साली. दोन वर्षांनी ताडदेवला सूत निघू लागलं. पुढच्या काही दशकांत परळ, लालबाग, भायखळा, वरळी या भागात भोंगे वाजू लागले आणि त्या भोंग्यांच्या ओढीनं दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग अशा बंदरांतून माणसं आगबोटीत चढू लागली. १८८० साली टपाल खात्यानं मनीऑर्डर सुरू केली. कोकणाच्या इतिहासात ही तारीख एखाद्या लढाईइतकी महत्त्वाची मानायला हवी. कारण त्यानंतर घराचे दोन तुकडे करूनही घर चालवता येऊ लागलं. एका टोकाला कमावणारा, दुसऱ्या टोकाला शेत आणि पोरं सांभाळणारी.

१९२१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या पावणेबारा लाख भरली. त्यात शंभरातले चौऱ्याऐंशी लोक शहराबाहेर जन्मलेले होते. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात, म्हणजे आजच्या सिंधुदुर्गाचा बराचसा भाग धरून, जन्मलेले सव्वादोन लाखांहून अधिक होते. रस्त्यानं चालणाऱ्या दर पाच माणसांत एक रत्नागिरीचा. आणि शहरात हजार पुरुषांमागे बायका होत्या फक्त ५२५. उरलेल्या बायका कुठे होत्या? मनीऑर्डरीच्या दुसऱ्या टोकाला.

ही माणसं गाव सोडून का गेली? आज शहरात बसून आपण गावाचं फार गोड चित्र काढतो. आंबा, फणस, कौलारू घर, अंगणातला पार. ते सगळं होतं. पण जमीन कातळाची, पीक पावसाळ्याचं एकच, आणि जमीन कसणाऱ्याच्या डोक्यावर खोत. पिकातला मोठा वाटा खोताच्या खळ्यात जायचा, वर वेठ वेगळीच. खोत ब्राह्मण होते, मराठा होते, मुसलमानही होते, हे मी सांगायलाच हवं. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचं विधेयक १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात मांडलं. खोती प्रत्यक्षात गेली ती स्वातंत्र्यानंतर. तेव्हा गावचं जगणं सुखाचं आणि शहराचं दुःखाचं, अशी सोपी विभागणी कुणीच करत नव्हतं. मजुरांच्या प्रश्नावर नेमलेल्या शाही आयोगानं १९३१ साली अहवाल दिला. त्याचा निष्कर्ष असा होता की, गावात पोटापुरतं अन्नवस्त्र मिळालं असतं तर फार थोडे कामगार कारखान्यात टिकले असते. शहराच्या मोहापेक्षा गावच्या टंचाईचा धक्का मोठा होता.

आता दुसरी बाजू. शहरात काय मिळत होतं? १९२१-२२ मध्ये मुंबई सरकारच्या लेबर ऑफिसनं कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. कुटुंबाची सरासरी मासिक मिळकत बावन्न रुपयांच्या आसपास निघाली. गावात कसणाऱ्याला एवढा रोख पैसा दिसणं कठीण. पण त्यातला निम्म्याहून अधिक पैसा नुसत्या खाण्यावर जात होता. जवळजवळ निम्मी कुटुंबं कर्जात होती. पठाणाकडून घेतलेल्या कर्जाचा दर रुपयाला महिन्याला एक आणा, असा सर्रास असायचा. ऐकायला एक आणा. वर्षाचा हिशेब केला तर शेकडा पंचाहत्तर व्याज. आणि शंभरातली सत्त्याण्णव कामगार कुटुंबं एकाच खोलीत राहत होती.

त्या खोलीची किंमत कोण मोजत होतं, ते ऐका. १९२१ साली मुंबईत नोंदलेल्या दर हजार जन्मांमागे वर्षाच्या आतच दगावलेल्या मुलांचं प्रमाण ६६६ होतं. एका खोलीत किंवा त्याहून कमी जागेत राहणाऱ्या कुटुंबांत ते ८२८ होतं. हे आकडे वाचताना हात थांबतो. त्यात एक मेख मात्र आहे. बऱ्याच बायका बाळंतपणाला गावी जायच्या. जन्माची नोंद गावाकडे व्हायची, बाळ घेऊन आई परत आली आणि ते दगावलं की मृत्यूची नोंद मुंबईत. त्यामुळे आकडा फुगलेला आहे. पण ही मेखसुद्धा बोलकी आहे. जिला शक्य होतं ती बाई बाळंतपणाला मुंबई सोडून जात होती. पगाराचं शहर पोर जन्माला घालायच्या लायकीचं नाही, हा तिचा निवाडा होता. तिनं तो कुठल्या वहीत लिहिला नाही, बोटीचं तिकीट काढून दिला.

हे काही आपल्याकडेच घडलं असं नाही. मुंबईच्या गिरण्यांनी ज्या मँचेस्टरचा कित्ता गिरवला तिथं याआधीच ऐंशी वर्षांपूर्वी हा हिशेब मांडला गेला होता. एडविन चॅडविक यांनी १८४२ साली इंग्लंडमधल्या कष्टकऱ्यांच्या आरोग्यावर अहवाल लिहिला. मँचेस्टरच्या मजूर कुटुंबांत मरणाऱ्यांचं सरासरी वय त्यांना आढळलं सतरा वर्षं. रटलंड या शेतीच्या परगण्यातल्या मजुरांत अडतीस. इथंही लहान मुलांच्या मृत्यूंनी सरासरी खाली ओढलेली आहे. पण रटलंडची मजुरी मँचेस्टरच्या साधारण निम्मी होती. म्हणजे निम्म्या मजुरीत दुपटीहून जास्त आयुष्य. तरीही माणसं रटलंडकडून मँचेस्टरकडे जात होती, उलट नाही. कारण पगार आज मिळतो आणि आयुष्य किती कमी झालं ते शेवटी कळतं.

पण माणसं कधीच हिशेब बदलत नव्हती असंही नाही. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत मांडवी भागात प्लेग सापडला. काही महिन्यांत लाखो लोक शहर सोडून गेले. १८९१ साली शहराची लोकसंख्या ८ लाख २१ हजार होती. मधल्या काळात शहर वाढायला हवं होतं, तरी १९०१ साली ती ७ लाख ७६ हजारांवर आलेली दिसते. पळापळीच्या त्या महिन्यांत गिरण्यांची चाकं थांबायची वेळ आली. एरवी मालक महिन्याचा पगारही उशिरा द्यायचे, म्हणजे कामगार सोडून जाऊ नये. आता रोजचा पगार रोज हातावर ठेवावा लागला. नाक्यानाक्यावर कामगारांची बोली लागू लागली. एका गिरणीचा माणूस जास्त पैसे देऊन दुसरीचे कामगार पळवू लागला. जिवाची किंमत पगारात धरायला मालकाला भाग पडलं ते असं. कामगाराला ते जमलं, कारण त्याला परत जायला गाव होतं. प्लेगचा जोर ओसरला, शिल्लक संपली, माणसं परत आली, आणि बोली बंद झाली.

त्याच प्लेगात, फेब्रुवारी १८९७ मध्ये, नारायण मेघाजी लोखंडे गेले. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि गिरणी कामगारांच्या चळवळीचे आद्य पुढारी. सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत चालणाऱ्या गिरणीत आठवड्याची सुट्टी नसायची. लोखंड्यांनी ती मागणी लावून धरली आणि १८९० साली गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज रविवारी सकाळी चहा घेत आपण पेपर वाचतो त्यात लोखंड्यांचा वाटा आहे. मला त्यांच्या मागणीतलं शहाणपण मोठं वाटतं. त्यांनी पगारवाढीच्या बरोबरीनं वेळ मागितला. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले तसे १९०५ च्या सुमारास दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. मग १९११ च्या कायद्यानं पुरुषांना बारा तासांची मर्यादा आली, १९२२ मध्ये अकरा, १९३४ मध्ये दहा. एकेक तास परत मिळवायला दहा-बारा वर्षं लागली.

सरकारलाही कधी कधी वाटायचं की, कामगाराचं जगणं सुधारावं. १९२० साली स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं वरळी, नायगाव, डिलाइल रोड आणि शिवडी इथं २०७ चाळी बांधल्या. त्याच आपल्या बीडीडी चाळी. पक्क्या सिमेंटच्या, साधारण १६० चौरस फुटांच्या खोल्या. जागेची एवढी टंचाई. उड्या पडायला हव्या होत्या. पण पुढची कित्येक वर्षं अनेक खोल्या रिकाम्या राहिल्या. १९३० च्या कायदेभंगात वरळीच्या चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणूनही उपयोग झाला. असं का झालं? भाडं जास्त होतं आणि गिरणी लांब. पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे, जुन्या चाळीत गाववाले होते. उधारीवर धान्य देणारा वाणी होता, बदलीचं काम सुटलं तर मुकादमाकडे शब्द टाकणारा शेजारी होता, आजारपणात पेज आणून देणारी खानावळवाली होती. नकाशा काढणाऱ्यानं जगणं चौरस फुटांत मोजलं होतं. राहणाऱ्यानं ते माणसांत मोजलं. पुढे त्याच बीडीडी चाळींत माणसं वसली, तिथं मंडळं निघाली, नाटकं झाली, आणि मग ती जागा सोडवेना. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पुनर्विकासातल्या पहिल्या ५५६ कुटुंबांना पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० वरून ५०० वर यायला शंभर वर्षं गेली.

आणखी एक गोष्ट. जगण्याचा दर्जा, असं आपण म्हणतो तेव्हा तो कुणाच्या जगण्याचा, हे विचारायला हवं. गावात ज्याला पाणवठ्यावर जाता येत नव्हतं, त्याच्या वहीत मुंबईच्या कोंदट खोलीची किंमत वेगळी होती. तिथं निदान गर्दीत कुणी जात विचारत नव्हतं. पण गिरणीनंही त्याला पुरतं मोकळं केलं नाही. साच्याच्या धोट्यातला धागा तोंडानं ओढावा लागे, म्हणून विणाई खात्यात अस्पृश्यांना घेत नसत. आणि जास्त पगार तर त्याच खात्यात. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न मांडला. स्वतः बाबासाहेब परळच्या चाळीत वर्षानुवर्षं राहिले होते. वाटेगावचे अण्णाभाऊ साठे आईवडिलांबरोबर पायी चालत मुंबईला आले. त्या वाटेचा हिशेब कुठल्या पगाराशी लावायचा?

आणि एकाच घरात दोघांचे हिशेब वेगळे निघतात. कविवर्य नारायण सुर्वे यांना ज्यांनी वाढवलं ते गंगाराम सुर्वे गिरणीतून निवृत्त झाल्यावर कोकणात गावी निघून गेले. पोरगा मुंबईतच राहिला. वडिलांसाठी मुंबई पगाराची जागा होती, जगायची जागा गाव. मुलासाठी मुंबई हीच जगायची जागा झाली, फूटपाथासकट. दोघांपैकी चुकलं कोण? मला वाटतं, कुणीच नाही.

आता माझ्या घरचं थोडं सांगतो, कारण त्याशिवाय भाच्याला दिलेलं उत्तर कळणार नाही. माझे आजोबा १९३२ साली दाभोळच्या बंदरातून बोटीत बसले आणि परळच्या एका गिरणीत साच्यावर लागले. राहायला गावच्या जमातीची खोली. एका खोलीत वीसेक माणसं, पाळ्या वेगवेगळ्या, म्हणून एकाच वळकटीवर दोघं आळीपाळीनं झोपायचे. एकतीस वर्षं त्यांनी नोकरी केली. वर्षातून महिनाभर गावी यायचे. दादीजवळ एक पत्र्याचा डबा होता, त्यात मनीऑर्डरीची कूपनं. कूपनावर दोन-तीन ओळींची जागा. 'तब्येत ठीक आहे. लावणीला गडी लावा. म्हैस विकू नये.' दादीला वाचता येत नसे. ती मास्तरांकडून वाचून घ्यायची आणि डब्यात ठेवायची. कॉलेजात असताना मी एकदा सहज हिशेब केला. एकतीस वर्षं, दर वर्षी एक महिना. म्हणजे एकतीस महिने. एवढ्या वर्षांच्या संसारात नवराबायको एकत्र राहिले ते अडीच वर्षं. मी मोठ्या हुशारीनं तिला ते सांगितलं. ती भात निवडत होती. म्हणाली, "तुझा बाप चार वर्षांचा होईस्तोवर त्यांना पाहुणा समजायचा. ते घरात आले की पडवीत पळायचा." आणि पुन्हा निवडायला लागली. त्या दिवसापासून मी तसला हिशेब कुणाला तोंडावर सांगत नाही.

तरी त्या मनीऑर्डरीवरच आमचं घर उभं राहिलं, अब्बा मॅट्रिक झाले, मी बी. ए. झालो. हेही खरंच आहे. आणि दादीनं राखलेल्या शेतामुळे आजोबांना संपाच्या दिवसांत गावी येऊन महिना-दोन महिने काढता आले, तेही खरं. मोठमोठ्या संपांचा इतिहास लिहिताना पुढाऱ्यांची नावं येतात. १९२८ चा संप सहा महिने चालला; १९८२ च्या १८ जानेवारीला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. इतके दिवस ही माणसं जेवली कुठे? बरीचशी गावी गेली आणि बायकांनी पिकवलेला भात जेवली. मालकाशी भांडायची ताकद त्या भातातून येत होती. मात्र १९८२ नंतर गिरण्याच उठल्या आणि पगाराचं टोक तुटलं. २०१२ साली म्हाडानं गिरणी कामगारांच्या घरांची सोडत काढली तेव्हा कित्येकांची नावं वारसांनी लावली होती.

मग आखात. १९७३ नंतर तेलाचे भाव चढले आणि कोकणच्या मोहल्ल्यांतून मुलं मुंबईऐवजी दुबई, कुवेत, सौदीला जाऊ लागली. अब्बा १९७६ साली कुवेतला गेले. पगार मुंबईच्या कित्येक पट. घराला स्लॅब पडला, बहिणींची लग्नं झाली. पण तिथं घरच्यांना नेता येत नव्हतं आणि राहण्याचा परवाना मालकाच्या हातात. ऑगस्ट १९९० मध्ये इराकनं कुवेत घेतलं. भारत सरकारनं सुमारे एक लाख सत्तर हजार लोकांना विमानानं परत आणलं, त्यांत अब्बा होते. अम्मानहून मुंबईला उतरले तेव्हा हातात एक पिशवी होती. चौदा वर्षांची नोकरी एका महिन्यात संपली. परत यायला घर होतं म्हणून त्यांची रस्त्यावर यायची वेळ टळली. ते घर अम्मीनं चौदा वर्षं एकटीनं चालवलं होतं, आणि तिच्या नावाचा एकही आकडा आमच्या कुठल्याच हिशेबात नव्हता.

तर भाच्याची वही. मी ती पुन्हा पाहिली. बेरीज बरोबर होती, पण तीन गोष्टी लिहायच्या राहिल्या होत्या. पहिली, वेळ. मुंबईत रोजचे तीन तास गाडीत जाणार होते. ते पगारात धरले तर दुप्पट पगार दीडपटीवरच येत होता. लोखंडे ज्या तासांसाठी भांडले ते आपण पासाबरोबर फुकट देऊन टाकतो. दुसरी, परतीची वाट. तो गेला आणि नाही जमलं, तर चिपळुणात त्याच्यासाठी काय उरेल? ज्याची परतीची वाट शाबूत असते त्यालाच मालकाशी बोलता येतं, हे प्लेगातल्या कामगारानं दाखवलेलं आहे. आणि तिसरी, मागे राहणारं माणूस. माझी बहीण विधवा आहे, घरात ती आणि हा एवढेच. तिचं नाव वहीच्या दोन्ही बाजूंना कुठेच नव्हतं. मी विचारलं, "अम्मीला विचारलंस?" तो म्हणाला, "ती काय, जा म्हणेल."

ती खरंच 'जा' म्हणाली. कोकणातली कुठली आई 'राहा' म्हणते? पण तिनं एक प्रश्न विचारला. "महिन्यात किती दिवस येशील, तेवढं आत्ताच सांग." भाचा गप्प झाला. मग त्यानं मोबाइल काढून गाड्या पाहिल्या आणि मधल्या रेघेच्या शेजारी आणखी एक रेघ मारली.

तो मुंबईला गेला. मी त्याला जाऊ नको म्हटलं नाही. घरात तीन पिढ्या ज्या पैशावर वाढल्या त्याला नावं ठेवायचा मला अधिकार नाही. चिपळूणच्या मालकाशी त्यानं बोलणी नीट ठेवली आहेत. महिन्यातून दोनदा रात्री दादरहून तुतारी एक्स्प्रेस पकडतो आणि सकाळी घरी असतो. पैसे आता मोबाइलवरून येतात, कूपन नसतं. पण वहीतला तिसरा रकाना तो भरतो आणि मला दाखवतो. गेल्या महिन्यात तिथं पाच दिवस लिहिले होते. असे वर्षाला साठ होतील. आजोबांच्या दुप्पट. बहिणीला मी हा हिशेब सांगितलेला नाही. ती कॅलेंडरवर स्वतःच खुणा करते.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)